काळ्या मातीवर काचेची खोली : फरशीखाली नेमकं काय घालायचं?

रील्सवर एक खोली सारखी दिसते. तिन्ही बाजूंनी काच, आत मोठ्या पानांची झाडं, वेताची खुर्ची आणि खाली लाकडासारखी फरशी. इंग्रजीत तिला कन्झर्व्हेटरी म्हणतात. थंड देशांत संत्र्या-लिंबाची झाडं हिवाळ्यात जगवायला श्रीमंत लोक काचघरं बांधायचे, त्यातूनच ही खोली आली. आपल्याकडे तिचं रूप साधं आहे. घरासमोरचा व्हरांडा किंवा मागची पडवी घ्यायची, तिला अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग काचा लावायच्या, वर पत्रा किंवा पॉलिकार्बोनेट टाकायचं, की झाली खोली.

परभणीत माझ्या मावशीनं २०२२च्या मे महिन्यात हेच केलं. जुन्या व्हरांड्याच्या फरशीवर फोमचा पातळ थर टाकला आणि त्यावर लॅमिनेटच्या पट्ट्या बसवल्या. महालक्ष्म्यांना पाहुणे आले तोवर पट्ट्यांचे सांधे फुगून वर आले होते आणि खोलीत कुबट वास भरला होता. ठेकेदार म्हणाला, पावसाचं पाणी आत आलं असेल. पण काचा बंद होत्या आणि पत्राही गळत नव्हता. पट्ट्या उचलल्या तर त्यांची खालची बाजू बुरशीनं काळी पडलेली. पाणी वरून आलंच नव्हतं, ते जमिनीतून आलं होतं.

'ओल धरणार नाही असा सबफ्लोअर कोणता?' असं इंटरनेटवर शोधलं की बहुतेक उत्तरं प्लायवूड आणि लाकडी पाट्यांची मिळतात. ती त्या देशांतल्या घरांसाठी ठीक आहेत. तिथे बऱ्याच घरांत फरशीखाली लाकडी तुळया आणि मोकळी हवा असते. परभणी जिल्ह्यात फरशीखाली काळी माती असते. त्यामुळे आपल्याकडे प्रश्न पाटी कोणती घ्यायची हा नाही. माती आणि फरशी यांच्या मध्ये काय आहे, हा आहे.

ओल खालून वर चढते कशी?

टॉवेलचं एक टोक बादलीत बुडवून ठेवा. थोड्या वेळात पाण्याबाहेरचा भागही ओला होतो. माती, वीट, सिमेंटचा माल, काँक्रीट या सगळ्यांत केसाहून बारीक नळ्यांसारखी छिद्रं असतात आणि पाणी त्यांतून तसंच वर चढतं. छिद्रं जितकी बारीक, तितकं पाणी उंच जातं. म्हणून मोठ्या खडीच्या थरातून ओल फारशी चढत नाही आणि बारीक मातीतून खूप वर येते.

या पाण्यासोबत जमिनीतले क्षार येतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. भिंतीच्या तळाशी दिसणारी पांढरी पूड आणि रंगाचे पोपडे म्हणजे तेच. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला.

आता जुन्या व्हरांड्यात हे एवढं का जाणवत नव्हतं? कारण तो उघडा होता. शहाबादी फरशीच्या सांध्यांतून ओल वर यायची आणि वाऱ्यानं उडून जायची. काचा लावल्या की वारा थांबतो. वर व्हिट्रिफाइड टाइल बसवली की बाहेर पडायची वाटही बंद होते, कारण ही टाइल आपल्या वजनाच्या ०.५ टक्क्यांहून कमी पाणी शोषते. मग ओल टाइलच्या सांध्यांतून, भिंतीच्या कडेनं किंवा वरच्या लाकडी थरातून वाट काढते. ओल पूर्वीइतकीच असते, फक्त आता ती अडकते.

काळ्या मातीची खोड

काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात माँटमोरिलोनाइट गटातली चिकणमाती असते. हिचे कण एकावर एक रचलेल्या पापड्यांसारखे असतात आणि पाणी त्या पापड्यांच्या मध्ये शिरतं. पावसाळ्यात माती फुगते. उन्हाळ्यात पाणी गेलं की आकसते आणि शेतात पाय अडकेल अशा भेगा पडतात. शेतकऱ्याला हे सांगायला नको. कापूस आणि रब्बी ज्वारीला हीच माती ओल धरून ठेवते म्हणून तर ती सोन्याची. घराला मात्र तिचा हाच गुण नडतो.

जमिनीवर फरशी घातली की तिच्याखालची माती उन्हापासून झाकली जाते. तिथलं पाणी उडत नाही, उलट आजूबाजूचं पाणी हळूहळू तिकडे सरकतं. मधला भाग फुगून फरशी पोट काढते. कडेची माती मात्र दर उन्हाळ्यात आकसते, म्हणून कडा खाली बसतात. वर्षभर हा वरखालीचा खेळ चालतो.

पडवीचं दुखणं आणखी एक आहे. मूळ घराचा पाया खोल असतो, पिलर कठीण थरापर्यंत नेलेले असतात. पडवी नंतर जोडलेली असते आणि बहुतेकदा तिचा पाया दीड-दोन फुटांवरच थांबलेला असतो. घर जागेवर राहतं, पडवी मातीबरोबर हलते. दोघांच्या जोडावर केसाएवढी फट पडते आणि पुढच्या पावसात पाणी थेट त्या फटीतून आत जातं. तुमच्या पडवीत घराच्या भिंतीला लागून फरशीला सरळ रेघेत तडा असेल, तर तो मिस्त्रीच्या हातचा दोष असेलच असं नाही.

गाव पांढरीवर, शेत काळीत

जुन्या मराठी कागदपत्रांत गावाचे दोन भाग येतात, पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे कसायची जमीन. वस्ती उंच, पांढरट, न फुगणाऱ्या मातीवर असायची. मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं बघा. दगडी जोतं उंच, भुई शेणानं सारवलेली. सारवलेली भुई ओल अडवत नाही, तिला येऊ देते आणि उडूही देते. म्हणून त्या घरांत ओल असूनही फरशी फुगायचा प्रश्न नव्हता.

आज परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड, कुठेही जा, नवे प्लॉट शेतजमीन एनए करून पाडलेले आहेत. म्हणजे घरं पांढरीवरून काळीत उतरली. त्यात जायकवाडीचा डावा कालवा या जिल्ह्यातून जातो आणि कालव्याखालच्या भागात जमीन पाऊस संपल्यावरही ओलीच असते. आजीच्या वाड्याला कधी ओल आली नाही, मग आपल्याच बंगल्याला का, असं कुणी विचारलं तर पहिलं उत्तर हे आहे की जमीन बदलली.

जिल्ह्यात सगळीकडे परिस्थिती सारखी नाही. जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यात मातीचा थर पातळ असतो आणि थोडं खणलं तरी मुरूम लागू शकतो. गोदावरीकाठच्या गावांत तो बराच खोल असतो. शेजाऱ्यानं दोन फूट खणून भागवलं म्हणून तुमचंही भागेल, असं समजू नका.

काम काढण्याआधी दोन तपासण्या

पहिली फरशीची. दीड फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, स्वच्छ कोरड्या फरशीवर ठेवा आणि चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट बंद करा. किमान १६ तास, शक्य असेल तर दोन दिवस तसाच राहू द्या. नंतर उचलून बघा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील किंवा खालची फरशी गडद पडली असेल, तर ओल जमिनीतून येते आहे. प्लास्टिकच्या वरच्या बाजूला थेंब असतील, तर ती हवेतली ओल आहे, खोलीत वारा खेळत नाही. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा फरक आधी कळायला हवा. टाइल असेल तर तुकडा सांध्यांवर येईल असा ठेवा, कारण ओल टाइलमधून नाही, सांध्यांतून येते.

ही तपासणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये करा. मे महिन्यात परभणीची फरशी कोरडीच लागणार. मावशीच्या घरी तेच झालं. भर उन्हाळ्यात सगळं ठणठणीत दिसलं आणि त्या भरवशावर काम उरकलं.

दुसरी तपासणी मातीची. ही प्रयोगशाळेत होते, पण तिचं तत्त्व मजेशीर आहे. वाळवून चाळलेली १०-१० ग्रॅम माती दोन नळ्यांत घेतात. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल घालून २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा रॉकेलमध्ये माती १० मिलिलिटरवर बसली आणि पाण्यात १७ वर, तर फुगवटा ७० टक्के झाला. ५० टक्क्यांच्या वरचा आकडा आला तर पडवीसाठीही इंजिनीअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आयएस २७२० या मानकाच्या ४०व्या भागात ही चाचणी दिली आहे आणि माती तपासणाऱ्या सिव्हिलच्या प्रयोगशाळांत ती करून मिळते. एक गफलत टाळा. शेतीच्या माती परीक्षणात नत्र-स्फुरद-पालाश कळतं, हा फुगवटा कळत नाही.

नवी पडवी बांधत असाल तर

हा भाग नीट वाचा. एकदा वर टाइल बसली की खालची चूक दुरुस्त करायला सगळं फोडावं लागतं.

सुरुवात काळी माती काढण्यापासून. पातळ थर असेल तर पूर्ण काढा. खोल असेल तर किती काढायची हे फुगवट्यावर ठरतं. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी दाखवून दिलं होतं की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटून राहणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर दिला तर वरचं बांधकाम हलणं बरंच कमी होतं. कालव्यांच्या अस्तराखाली हा थर सुमारे एक मीटरपर्यंत देतात. घरगुती पडवीला बहुतेक जण दीड-दोन फुटांवर थांबतात. ते कमीच आहे, पण काळ्या मातीवर थेट फरशी घालण्यापेक्षा कितीतरी बरं.

खड्ड्याचा तळ भेगाळलेला, खडखडीत कोरडा असेल तर त्यावर लगेच भर टाकू नका. पावसाळ्यात ती माती फुगणारच आणि वरचं सगळं उचलणार. तळाला पाणी द्या, मुरू द्या आणि जमीन वाफशावर आली की दाबून घ्या. पेरणीला जो वाफसा लागतो तोच इथेही लागतो.

मग मुरूम. खड्ड्यातून निघालेली काळी माती 'वाया कशाला घालवायची' म्हणून परत भरतात, ती सगळ्यात महागात पडणारी बचत आहे. मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थरांत टाकायचा आणि प्रत्येक थराला पाणी मारून धुमसानं किंवा मशीननं दाबायचं. पूर्ण ट्रॉली एकदम ओतून वरून पाणी सोडलं तर फक्त वरचा थर बसतो आणि खाली पोकळ राहतं.

त्यावर दगडाचं सोलिंग. इथे एक गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. सोलिंगचा फायदा त्याच्या मोकळ्या जागांत आहे, ओल तिथे थांबते. पण दगडांच्या फटी बारीक मुरमानं गच्च भरल्या की तोच मुरूम वातीसारखं पाणी वर खेचतो. फटी भरायच्याच असतील तर बारीक खडीनं भरा. वर जेमतेम इंचभर वाळू किंवा क्रशरची कच पसरून सपाटी आणा, म्हणजे पुढचा कागद फाटणार नाही.

हा कागद म्हणजे पॉलिथिनची शीट, आणि आपल्या पूर्ण प्रश्नाचं खरं उत्तर तीच आहे. किमान २५० मायक्रॉन, दुकानात तिला १००० गेज म्हणतात. शेततळ्याच्या कामामुळे जाड प्लास्टिक आपल्याकडे ओळखीचं झालं आहे. तरी ताडपत्री किंवा मंडपाचं प्लास्टिक वापरू नका. दोन शीट जिथे जुळतात तिथे किमान सहा इंच एकावर एक घेऊन चिकटपट्टी मारा. कडेला शीट भिंतीवर चढवा आणि जोत्यातल्या ओलरोधक थराला, म्हणजे डीपीसीला, नेऊन भिडवा. हा जोड राहिला की ओल फरशी सोडून भिंतीत चढते. शीट अंथरल्यावर मजूर घमेली घेऊन तिच्यावरून जाणारच, तेव्हा काँक्रीट ओतण्याआधी स्वतः उभं राहून छिद्रं बघा.

शीटच्या आधी वाळवीचं औषध मारायचं असतं. आयएस ६३१३ मध्ये भरावाच्या पृष्ठभागासाठी दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण सांगितलं आहे. हे विषारी काम आहे, विहीर किंवा बोअर जवळ असेल तर जास्तच जपून. प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्या.

शीटवर चार इंच काँक्रीट, त्यात बारीक सळयांची जाळी. घराच्या जुन्या भिंतीला ते एकजीव करू नका. मध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून ती लवचिक सीलंटनं भरा, म्हणजे पडवी थोडी हलली तरी तडा जाणार नाही.

फरशी आधीच घातलेली असेल तर

सगळ्यांनाच फोडाफोड परवडत नाही. प्लास्टिकच्या तपासणीत ओल किरकोळ दिसली असेल तर जुन्या फरशीवर ओलरोधक इपॉक्सीचे दोन हात देऊन वर नवी टाइल बसवता येते. यात फरशी पूर्ण कोरडी आणि खरवडलेली हवी, नाहीतर इपॉक्सी सोलून निघतं. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्येच करायचं. भिंतीला आधीच लोणा असेल तर हा उपाय टाळा. फरशीतून अडलेलं पाणी भिंतीकडे वळेल आणि लोणा आणखी वर चढेल.

ओल जास्त असेल, फरशी पोकळ वाजत असेल किंवा मधोमध फुगली असेल, तर वरचा कुठलाही थर म्हणजे पैसे पाण्यात. तिथे फोडणंच स्वस्त पडतं. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, मावशीलाही आवडलं नाही.

मग प्लायवूड चालतं की नाही?

दुकानात 'एमआर' लिहिलेलं प्लायवूड मिळतं. एमआर म्हणजे मॉइश्चर रेझिस्टंट, आणि या नावानंच बरेच जण फसतात. मानकांतल्या चाचण्या बघा. एमआरचा डिंक ६० अंश पाण्यात ३ तास टिकावा लागतो. बीडब्ल्यूआरचा उकळत्या पाण्यात ८ तास, आणि आयएस ७१० च्या मरीन प्लायवूडचा ७२ तास. म्हणजे एमआर हे कपाटासाठी आहे, जमिनीला टेकवण्यासाठी नाही. आणि मरीन घेतलं तरी लक्षात घ्या की या चाचण्या मुख्यतः डिंकाच्या आहेत. पापुद्रे सुटणार नाहीत, पण सतत ओलीत राहिलेलं लाकूड काळं पडायचं ते पडतंच. खाली ओल आणि अंधार, वर लाकूड, ही वाळवीला दिलेली पंगत आहे.

लाकडी रूपच हवं असेल तर एसपीसीच्या पट्ट्या बघा. त्यांचा गाभा दगडाची भुकटी आणि प्लास्टिकचा असतो, लॅमिनेटसारखा लाकडाच्या भुश्श्याचा नाही. त्यामुळे त्या फुगत नाहीत. पण खाली अडकलेल्या ओलीचा कुबट वास त्यांच्याही सांध्यांतून येतो. शिवाय परभणीचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि काचेतून थेट ऊन पडलं की फरशी हवेहून जास्त तापते. कडेला पसरायला जागा सोडली नाही तर पट्ट्या मधून उचलल्या जातात. खरंच लाकूड हवं असेल तर काँक्रीट वाळायला वेळ द्या. ढोबळ हिशेब इंचाला एक महिना, म्हणजे चार इंचांना चार महिने, आणि मध्ये पावसाळा आला तर त्याहून जास्त.

माझं मत विचाराल तर काचेच्या खोलीत शहाबादी किंवा कोटा. शहाबाद इथून फार लांब नाही, कलबुर्गी जिल्ह्यात. निजामाच्या काळात परभणी आणि शहाबाद एकाच राज्यात होते आणि ही फरशी मराठवाड्यात घरोघरी होती. ओल लागली तरी ती फुगत नाही, आणि एखादी लादी हलली तर तेवढीच काढून बसवता येते.

पडवी पहिल्या मजल्यावर किंवा गच्चीवर असेल तर वरच्यातलं बहुतेक लागू नाही. तिथे माती नाही, स्लॅबचं वॉटरप्रूफिंग आणि पाण्याचा उतार एवढंच बघायचं.

बाहेरच्या पाण्याचं काय?

फरशीखाली सगळं नीट केलं आणि पत्र्याच्या पागोळ्या जोत्याच्या बुडाशीच पडत राहिल्या, तर काही उपयोग नाही. पत्र्याला पन्हाळ लावा आणि पाणी पाइपानं लांब सोडा. पडवीच्या भोवती तीन फूट रुंद कोबा घाला, उतार बाहेरच्या बाजूला. यानं पावसाचं पाणी कडेच्या मातीत मुरत नाही आणि उन्हाळ्यात तीच माती एवढी आकसतही नाही. काचेच्या खोलीला लागून फुलझाडांचा वाफा रील्समध्ये सुंदर दिसतो. काळ्या मातीत तो म्हणजे जोत्याला रोज पाणी पाजणं. झाडं कुंड्यांत लावा, कुंड्यांखाली ताटल्या ठेवा.

जोत्याची उंचीही मोजा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट उंच सांगितलं आहे. तुमचं घर बांधताना ते असेलही. पण समोरच्या रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर पडतो आणि तेवढं जोतं बुडतं. पडवी बांधताना आजच्या नाही, दोन थर पुढच्या रस्त्याचा विचार करून उंची धरा.

मावशीनं शेवटी व्हरांड्याची फरशी फोडली. खाली चार इंच मुरूम निघाला आणि त्याखाली घर बांधताना पायातून निघालेली काळी माती, जशीच्या तशी परत भरलेली. कुदळीला चिकटत होती. मार्च महिना होता, बाहेरच्या अंगणात भेगा पडल्या होत्या.